डॉरथी आजींचे पणजोबा

आता हसू नका, पण एका अमेरिकन घराण्याला मी भलताच पणजोबा मिळवून दिलाय. वर त्याला फुलंही वाहून आलेय!

सांगलीहून न्यू जर्सीला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. शाळेत मी कुणाशी बोलत नसे. बोलायचे ती फक्त शेजारच्या डॉरथी आजींशी. त्यांचे आजोबा, वॉल्टर, पुअरहाऊसमध्ये वाढले होते. म्हणजे निराधारांना काम करवून घेऊन पोसायची सरकारी जागा. वॉल्टरच्या वडिलांचं नाव मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजींना मरायच्या आधी तेवढं एक नाव कळायला हवं होतं.

जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्मवरची अक्षरं त्यांना दिसत नसत, म्हणून लायब्ररीत वाचायला मी बसले. आणि पहिल्याच दिवशी सापडलं की! वॉल्टर हेन्री कोल. इतकी वर्षं ही माणसं शोधत काय होती? वडिलांचं नाव तर समोरच होतं. त्याच पुअरहाऊसच्या सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, एक म्हातारा हेन्री कोलही निघाला. अजून काय पाहिजे?

आजी रडल्या. आम्ही हेन्रीच्या थडग्यावर फुलं ठेवून आलो. मग त्यांच्या घरच्या पिकनिकला त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मी सेन्ससचा कागद उंच धरून दाखवला.

आजींच्या भावाने विचारलं, "हेन्रीच वडील, हे कशावरून?"

"मधल्या नावावरून," मी म्हणाले. "ते वडिलांचंच असतं ना?"



"डॉरथीचं मधलं नाव रोझ आहे," भाऊ शांतपणे म्हणाला. "आमच्या वडिलांना हे कळायला हवं होतं."

जो काय हशा पिकला! तोवर भावाने कागद वाचलाही. हेन्री आयर्लंडहून बोटीने आला, तेव्हा वॉल्टर चालायला लागला होता. मी वाचली होती फक्त नावं.

समोरच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये तोंड लपवावंसं वाटलं मला. आजींनी चष्मा पुसला.

"म्हणजे नाव नाहीच मिळालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग तो डोळ्यांवर चढवून, "पण त्या हेन्रीला तरी कोण आहे? तू शोधलास, आता तूच सांभाळ."

तेव्हापासून दर मे महिन्यात मी त्याला फुलं नेते. कोलांच्या पिकनिकचं आमंत्रणही येतं. पाकिटावर भाऊ माझं पूर्ण नाव लिहितो : मृणाल हेन्री पाटोळे.

बाबांच्या आधी घरची पत्रपेटी मीच उघडते.