पत्ती चिकटली तेव्हा
पोर पाळण्यात खोकून खोकून निळी पडत होती आणि माझा दीर म्हणतो, "वहिनी, रेडिओला हात लावू नको, माझा हिशोब बरोबर आहे, पत्ती आत्ता सुटेल." आमच्या लालबागच्या खोलीत वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरीचा जोर पुरायचा नाही म्हणून आत एक पत्ती भुंग्यासारखी गुणगुणत सारखी चिकटायची नि सुटायची, त्यानं विजेचा दाब वाढायचा म्हणे. तर हा टेक्निकल शिकलेला, ती जास्त वेळ चिकटून राहिली की आवाज मोठा येईल असं कागदावर काढून त्यानं ती वाकवली, आणि ती सुटेचना, गुणगुण थांबली नि आतली कॉईल जळायला लागली. खोलीभर धूर, जळक्या व्हार्निशचा वास घशात बसलेला, बाहेर कर्फ्यू, आणि सासूबाई दाराला पाठ लावून, "उघडू नको गो, गोळी आत येईल." मुंबईचं काय ठरलं, महाराष्ट्राला मिळते की नाही, ते ऐकायला जमलेले चाळीतले बाप्ये तोंडाला धोतर लावून बसलेत, एक म्हणतो, "जरा थांब, बातम्या लागतील." मी सासूबाईंना ढकललं, दार उघडलं, पोरीला घेऊन गॅलरीत आले, तर खालच्या शिपायानं बंदूक वर केली, "आत जा." मी नाही गेले, पोरीचं तोंड वाऱ्याकडे करून तिथंच उभी राहिले. पोर आता शाळेत जाते, तरी कुठं वायर जळल्याचा वास आला की माझं डोकं फिरतं, कारण दीर अजून चारचौघांत सांगतो की वहिनीनं सगळ्यांचा जीव धोक्यात घातला. मागं धूर, पुढं बंदूक, कडेवर पोर. तुम्ही काय केलं असतं?