अस्वलासाठी काडतूस

हॅरिससाहेबांनी काडतुसांचा डबा काउंटरवर परत आणून ठेवला.

"दाऊद, ही नकोत. क्लबात एक जण म्हणाला, टोकाला खळगा असलेलीच घ्यायची."

"खळगावाली तुम्ही कालच परत केलीत, साहेब."

"काल दुसऱ्या माणसाशी बोललो होतो."

मी डबा उचलून फळीवर ठेवला. अहमदीच्या, म्हणजे ऑइल कंपनीच्या वसाहतीतल्या, क्लबात बिअर पिणारा प्रत्येक जण त्या दिवसांत अस्वलांचा जाणकार झाला होता. त्यांच्यापैकी अस्वल पाहिलेलं एकानेही नव्हतं. मीही लहानपणी गावात दरवेशी घेऊन यायचा तेवढंच पाहिलेलं. फरक एवढाच की मी ते कबूल करत होतो.

आमचं दुकान फहाहीलच्या बाजारात होतं. शिकारीच्या बंदुका, काडतुसं, मासेमारीचे गळ असा माल. मालक अबू नासिर, कुवेती. मी तिथे आर्मरर, म्हणजे हत्यारांचा मेकॅनिक. काम लष्कराच्या वर्कशॉपात शिकलो आणि मग दाभोळच्या बऱ्याच लोकांसारखा बोटीने इकडे आलो. तेव्हा कुवेतमध्ये अजून रुपयेच चालायचे.

हॅरिससाहेब ऑइल कंपनीत सर्व्हेअर होते. त्यांची बदली अलास्काला झाली होती. तिथली अस्वलं दोन पायांवर उभी राहिली की तंबूपेक्षा उंच दिसतात. मासिकातला तसा फोटो ते खिशात घेऊन फिरायचे आणि दर वेळी मला दाखवायचे.

"तिथे पोचल्यावर घ्या ना काडतुसं," मी म्हटलं.

"तिथे उतरलो की थेट कॅम्प. जे ठरवायचं, ज्याचा सराव करायचा, ते इथेच."

"मग रायफल न्या. एवढ्या जनावराला पिस्तूल-रिव्हॉल्वर म्हणजे शेवटचा उपाय."

"रायफल एका माणसाकडे असते, दाऊद. मी दुर्बीण लावून वाकलेला असणार. तो शंभर पावलं लांब असला तर? मला कमरेला काहीतरी हवं."

हे बोलणं बरोबर होतं, म्हणून मला आणखी वैताग आला. माणूस पूर्ण चुकत असेल तर त्याला वाटेला लावता येतं.

काडतूस म्हणजे पितळी नळी, दारू आणि पुढची गोळी असं सगळं मिळून. उडून जाते ती फक्त गोळी. खळगावाली गोळी अंगात शिरली की कापसाच्या बोंडासारखी फुलते. जखम रुंद होते, पण गोळीचा जोर तिथेच संपतो. माणसाला किंवा हरणाला ती पुरते. अस्वलाला आधी दाट केस, मग चरबी, मग मांस, मग खांद्याचं जाड हाड. गोळी बाहेरच फुलली तर ते फक्त चिडणार. तिथे भरीव गोळी लागते. जड, घट्ट शिशाची, चपट्या नाकाची. ती फुलत नाही, सरळ आत जाते.

हे मी साहेबांना इंग्रजीत, अबू नासिरना हिंदीत आणि दुकानात बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना मोडक्या अरबीत सांगितलं. अबू नासिर तसबीहचे मणी फिरवत ऐकत होते. खळगावाल्या काडतुसांचा नवा माल नुकताच आला होता.

"दाऊद," ते म्हणाले, "साहब को जो माँगता, दे दो. खलास."

"चाचा, इनको रीछ मारेगा."

"रीछ कुवेत में है क्या?"

शेवटी मी साहेबांना म्हटलं, "शुक्रवारी सुटी आहे. गाडी घेऊन या. बोलून काही ठरत नाही, झाडून बघू."

शुक्रवारी मी खाटकाकडून उंटाचा खांदा घेतला, हाडामांसासकट. रद्दी वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर पाण्यात भिजवून ठेवले होते. बरोबर मिसेस हॅरिसही आल्या. उंच, शांत बाई. फहाहीलच्या मागे वाळवंटात एका टेकाडाला पाठ करून ओले गठ्ठे एकामागे एक रचले आणि त्यांच्यापुढे खोक्यावर उंटाचा खांदा उभा केला.

साहेबांकडे दोन रिव्हॉल्वर होते. एक त्यांचा जुना, तीनशे सत्तावन्न मॅग्नम. दुसरा आमच्या दुकानातून मागवलेला नवा, चव्वेचाळीस मॅग्नम; आकडा लहान वाटला तरी गोळी त्याचीच जाड. त्या काळी त्याच्याहून जबर रिव्हॉल्वर बाजारात नव्हता. तो घ्या म्हणून मीच सांगितलं होतं.

आधी मी जुन्या रिव्हॉल्वरमधून खळगावाली गोळी झाडली. हाड तडकलं, पण गोळीचे तुकडे होऊन पहिल्याच गठ्ठ्यात अडकले. मग त्याच रिव्हॉल्वरमधून भरीव गोळी. हाडातून आरपार जाऊन ती तिसऱ्या गठ्ठ्यात सापडली, आकार जवळजवळ तसाच. चव्वेचाळीसची भरीव गोळी त्याच्याही पुढे गेली.

साहेबांनी चुरा झालेल्या गोळीचे तुकडे तळहातावर घेऊन पाहिले. "ठीक. भरीव. आणि चव्वेचाळीस."

मला वाटलं, सुटलो. सराव म्हणून रॉकेलचा रिकामा डबा पंधरा पावलांवर ठेवला आणि चव्वेचाळीस त्यांच्या हातात दिला.

पहिली गोळी डब्याच्या पुढे वाळूत. दुसरी टेकाडाच्या वरून. त्या रिव्हॉल्वरचा धक्का मनगटापासून खांद्यापर्यंत जातो. साहेब चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून हात आखडत होते. तिसरी, चौथी, डब्याला एकही नाही. मी उभं राहायला शिकवलं, दोन्ही हातांनी धरायला शिकवलं, कानात कापूस घातला. मधे एकदा मी न सांगता रिकामं काडतूस भरलं. चाप ओढला तेव्हा आवाज झालाच नाही, तरी नळी वीतभर खाली गेली. ते त्यांनाही दिसलं.

"सवय होईल," ते म्हणाले.

"कधी? बोट पुढच्या आठवड्यात आहे."

"तूच सांगितलंस ना हा घ्यायला?" ते पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. रिव्हॉल्वर खोक्यावर ठेवून ते गाडीपलीकडे निघून गेले.

मीही तापलो होतो. मी रद्दी गोळा करायला लागलो. मिसेस हॅरिस जवळ आल्या आणि एक गठ्ठा उचलून देत म्हणाल्या, "मिस्टर दाऊद, यांच्या आधी अलास्कात त्या जागेवर जो सर्व्हेअर होता, त्याला अस्वलाने फाडलं. तो यांचा मित्र होता. कंपनीत सगळ्यांना माहीत आहे, पण हे त्याबद्दल बोलत नाहीत. काडतुसांबद्दल बोलतात."

मग इतके दिवस साहेब दुकानात कशासाठी येत होते ते मला कळलं. त्यांना गोळी नको होती. कोणीतरी 'तुला काही होणार नाही' म्हणायला हवं होतं. ते मी कुठून म्हणणार?

साहेब परत आल्यावर मी त्यांचा जुना रिव्हॉल्वर भरीव काडतुसं भरून त्यांच्या हातात दिला. सहापैकी चार गोळ्या डब्यात बसल्या. पुन्हा भरला. पाच.

"हा न्या," मी म्हटलं.

"पण तूच म्हणालास, चव्वेचाळीस जास्त आत जातो."

"लागला तर. साहेब, खरं सांगतो. अस्वलासाठी हा कमीच आहे. याच्या भरवशावर बिनधास्त फिरू नका. रायफलवाल्याला जवळ ठेवा, झाडीत मोठ्याने बोलत चाला, खाणं तंबूत ठेवू नका. एवढं करूनही वेळ आलीच तर हा कमी पडणारा तुमच्या हातून लागेल. तो मोठा लागणार नाही."

त्यांनी डब्याची भोकं मोजली. मग म्हणाले, "ठीक."

शनिवारी चव्वेचाळीस दुकानात परत आला. अबू नासिर माझ्यावर उखडले. "तुम दुकान चलाता या मदरसा?" आठवडाभर ते माझ्याशी फक्त इशाऱ्याने बोलले.

दीड-दोन वर्षांनी हॅरिससाहेब कंपनीच्या कामासाठी कुवेतला आले आणि थेट दुकानात शिरले. डावा पाय ओढत होते.

नदीकाठी सर्व्हे चालू होता. रायफलवाला होडीतून सामान उतरवत होता. अस्वल झुडपातून निघालं ते सरळ यांच्या अंगावर.

"पहिली चुकली," साहेब म्हणाले. "दुसरी खांद्यात. हाड मोडल्याचा आवाज ऐकला. ते कोसळलं, पण कोसळताना माझा बूट त्याच्या तोंडात आला. तिसरी मी मानेत घातली. तेवढ्यात रायफलवाला पोचला, त्याने संपवलं."

"आणि पाय?"

"टाच अर्धी गेली. बाकी सगळा इथे उभा आहे."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी चहा मागवला.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण अबू नासिरनी सगळं ऐकलं होतं. आता त्यांना भरीव गोळीचं महत्त्व पटलं, नको तितकं पटलं. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी: अबू नासिरच्या दुकानात 'दुब्ब'चं काडतूस मिळतं. दुब्ब म्हणजे अस्वल. जो येईल तो तेच मागायचा. एकाला कोल्ह्यासाठी हवं होतं, एकाला नुसतं गाडीत ठेवायला. शेजारच्या फिंतास गावच्या एका गृहस्थाकडे तर रिव्हॉल्वरच नव्हता.

"कशासाठी घेताय?" मी विचारलं.

"कधी अलास्काला गेलो तर."

मी प्रत्येकाला सांगत राहिलो की आधी रिकाम्या डब्यावर नेम धरून बघा. कोणी ऐकलं नाही. मी या धंद्यात तीस वर्षं काढली. काडतूस सगळे विचारून विचारून घेतात. सराव मात्र कोणीच मागत नाही, आणि अस्वलाला कळतो तो तेवढाच.