नवसाच्या कोकराचं पोट

एकोणीसशे छप्पन्न साल. मी बावीस वर्षांचा. शेंद्र्यात आज कारखान्यांचे पत्रे दिसतात तिथं तेव्हा नुसता माळ होता, आणि त्या माळावर आमच्या मेंढ्या चरायच्या. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण पावसाळ्यात कोकरं जगवण्यात गावात माझा हात धरणारा कुणी नव्हता. ज्याला पटत नसंल त्याचं तो जाणो.

माझा कायदा सोपा होता. पावसाची झड लागली की सकाळी कोकरं सोडायची नाहीत. गवतावरचं पाणी वाऱ्यानं उडालं की मग खडकाळ माळावर न्यायची. ओढ्याकाठचं गवत दिसायला लुसलुशीत, पण पाण्यात भिजलेलं, जंतांनी भरलेलं. तिथं तोंड घातलं की हगवण ठरलेली.

हा कायदा एकाच कोकराला लागू नव्हता. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, लासूर स्टेशनला गेली तेव्हा मायनं एक कोकरू देवाच्या नावानं सोडलं होतं. सुखरूप सुटका झाली की ते जत्रेला न्यायचं. तवर त्याला बांधायचं नाही, कुणाच्या वावरात शिरलं तरी हाकलायचं नाही. ते रोज उजाडताच आईच्या मागं ओढ्यावर जायचं.

श्रावणाच्या झडीत त्याची शेपूट बरबटली. मग हनुवटीखाली पाणी उतरलं. पापणी उलटवून पाहिली तर आत पांढरीफटक, रक्त जंतांनी पिलेलं.

त्याच दिवशी लासूरहून निरोप आला. मुलगी झाली, दोघी खुशाल. मी धोतर बदलायला निघालो तर माय दारात आडवी.

"देवाचं देणं खाली पडलंय अन् तू पोरीचं तोंड बघायला चालला व्हय? ते उठल्याबिगर जायचं नाय."

"मग बांधू दे त्याला. ओढ्यावरचं गवत बंद झाल्याबिगर औषध लागू पडत नाय."

"देवाच्या जनावराला दावं? माझ्या जित्यापणी नाय."

"देव काय हगवण पुसायला येणार हाय, माय?"

"तुझी पुसली म्या. तवा लई बोलू नको."

मी हट्टी, पण ती माझी माय होती. दावं हातात घेऊन गोठ्यात गेलो. पण कोकराला नाही, त्याच्या आईला बांधलं. ते अजून दूध पीत होतं, आईला सोडून जाणार कुठं?

माय बघत होती. "हे काय?"

"मेंढी कुठं देवाची हाय? ती माझी हाय."

मायनं पाटा मांडला आणि पळसाचं बी अन् वावडिंग वाटायला बसली. लहानपणी जंत झाले की मला हेच पाजायची. मी कोकराचं तोंड धरलं, तिनं ताकात कालवून थोडं थोडं ओतलं. खाली कोरडा भुसा टाकला, समोर बाभळीचा पाला टांगला. मेंढीला जागेवरच चारा घातला. ओल्या लोकरीचा अन् चुलीच्या धुराचा तो वास अजून नाकात आहे. बाहेर झड, आत आम्ही दोघं, आणि सगळा जीव त्या एवढ्याशा पोटावर. लासूरला लेक झालेली असून मला तिचा रंगही ठाऊक नव्हता.

जंत पडायला लागले. आणखी काही दिवसांनी लेंडी बांधून पडली, हनुवटीखालची सूज उतरू लागली. एका संध्याकाळी ते आपल्या पायानं उठलं आणि आईच्या कासेला अशा ढुशा द्यायला लागलं, की मेंढीच हलली.

माय उंबऱ्यावर बसून होती. म्हणाली, "पोरगी कुणावर गेली ते बघून ये. तुझ्यावर गेली असंल तर लई वरडत असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकराला आणखी एकदा पाला टाकला, मायनं दिलेलं तुपाचं गाडगं डोक्यावर घेतलं आणि चिखल तुडवत चिकलठाण्याला जाऊन लासूरची गाडी धरली.