निळ्या पट्ट्यावरचा चीक

गुणाजी परबांनी तीस वर्षं गॅरेजात गाड्या रंगवल्या आणि तीस वर्षं पोरांना एकच पालुपद ऐकवलं, "टेप लावून विसरलास की रंगाचं वाटोळं!" निवृत्तीनंतर ते चारकोपच्या घरी होड्यांच्या छोट्या प्रतिकृती करू लागले. पालुपद काही सुटलं नाही. नियतीला अशी माणसं फार आवडतात.

माहुलच्या रतनने त्यांना वडिलांच्या होडीची प्रतिकृती करायला दिली. वडील गेले, होडीही मोडीत निघाली. डब्याच्या तळाशी उरलेला होडीचा निळा रंग त्याने बाटलीत भरून आणला होता. "पट्टा ह्याचाच काढा काका. एवढाच उरलाय."

गुणाजींनी त्यातला थेंबन् थेंब वापरला. पट्टा खडखडीत वाळल्यावर तो झाकून वरचा पांढरा फवारायचा होता, तर चांगली टेप संपलेली! पहाटे गणपतीला गावी निघायचं होतं. आरास न्यायचे खोके बांधायला आणलेली खाकी टेप समोर होती. तीच लावली, पांढरा मारला आणि म्हणाले, "निघताना काढू." निघताना मूर्तीचा पाट, पिशव्या, रिक्षा, टेप राहिली ती राहिलीच.

अकरा दिवसांनी परतले तेव्हा खिडकीतल्या उन्हात टेप भाजून निघाली होती. ओढली तर प्लास्टिक हातात आलं आणि गोंद निळ्यावर बसला. ताज्या टेपचा तुकडा दाबून उचलून पाहिला, थोडा गोंद आला, बाकीचा हलेना. थिनर लावावा तर निळाही जायचा, आणि तसला निळा आता कुठेच मिळणार नव्हता. गुणाजींना रडूच कोसळलं.

बायकोला, मालनला, त्या टेबलाला हात लावायची मनाई होती. तिने लांबूनच विचारलं, "फणसाचो चीक कशान काढतास?"

"खोबरेलान."

"मगे? ह्यो पण चीकच मा!"

लगेच तिची वेणीफणीची खोबरेलाची बाटली टेबलावर आली. एका कोपऱ्यावर थेंब टाकून पाहिला. निळा जागचा हलला नाही. मग अख्ख्या पट्ट्याला तेल लावून ठेवलं, तासाभराने बोटाने हलके चोळलं. गोंदाच्या वळ्या होऊन सुटल्या, मग पट्टा साबणाच्या पाण्याने धुतला. खालून निळा निघाला, जसाच्या तसा! गुणाजी चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा म्हणाले, "मालन, तू माझी गुरू."

दुसऱ्या दिवशी रतन आला. गुणाजींनी काही न लपवता सगळं सांगून टाकलं. त्याने होडी नाकाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली.

"वास येतोय ना?" गुणाजी ओशाळले. "दे इकडे, साबणाने अजून एकदा धुतो."

"नको काका." रतनने होडी आपल्याकडे ओढून घेतली. "बाबा होडी रंगवून आले की आई त्यांचे हात खोबरेलानेच चोळायची. राहू दे."