प्रोटॉनचा शेक

आमच्याकडे कॅन्सरच्या रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात. हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी घरी माझं काम समजावताना मी नेमका तोच शब्द वापरला. माझ्यासारखी दीडशहाणी मीच.

परदेशातल्या प्रयोगशाळेत आम्ही लेझरचा एक झटका पातळ पत्र्यावर मारायचो. त्याच्या मागच्या बाजूने प्रोटॉन सुटायचे आणि शेजारचा दुसरा पत्रा तापवायचे, इतक्या झटकन की त्याला पसरायला सवड मिळू नये. मग तो हजारो अंशांना तापलेला असूनही घट्टच्या घट्ट राहतो. गुरूसारख्या ग्रहाच्या पोटात पदार्थ असाच असतो म्हणतात. पापणी लवायच्या कितीतरी आधी हे सगळं संपतं, आणि तेवढ्यात ते मोजायचं. सुट्टीत गावी, राहनाळला, ओटीवर बसून मी हे काकांना सांगितलं. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ; गावातली भातशेती संपून गोदामं आली, तेव्हापासून एका गोदामावर देखरेख करायचे.

“म्हंजे भाकरी फुगायच्या आत बघायची,” ते म्हणाले.

माझ्या सरांनाही इतकं नेमकं सांगता आलं नसतं. “तसंच. प्रोटॉनचा शेक देतो आम्ही,” मी म्हणाले, आणि सुट्टी संपल्यावर परत गेले.

पुढे, गणपतीच्या चार-एक महिने आधी, त्यांचा फोन आला. त्या दिवशी लेझर वापरायची पाळी आमची होती. दोन झटक्यांच्या मध्ये तासभर थांबावं लागे, आणि सकाळपासूनचे सगळे वाया गेले होते. मी वैतागले होते.

“बाय, तुझा शेक नरड्याच्या गाठीला चालतो का गं? वळखीच्या एकाला हाय.”

“प्रोटॉननी गाठी बऱ्या करतात काका, जगात करतात!” मी फुशारकी मारली. खोटं नव्हतं ते. फक्त ती मशिनं वेगळी, ते डॉक्टर वेगळे. एवढं सांगायचं राहिलं, कारण आतून मला हाक आली.

“तू कवा येशील?”

“गणपतीत.”

“सावकाश ये.”

गणपतीत आले तेव्हा काकांचा आवाज पार बसला होता. काकू म्हणाली, मुंबईला हॉस्पिटलात न्यायला सगळे मागे लागलेत, पण हे जागचे हलत नाहीत. मला कळवायचं नाही, असंही त्यांनीच बजावलं होतं. मला आतल्या खोलीत नेऊन काकांनी दार लोटलं आणि सदऱ्याची वरची बटणं सोडली. गाठ लिंबाएवढी होती.

“घरची पोर असताना दुसऱ्याकडं कशाला जाऊ? दे शेक.”

मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. माझ्या मशीनपुढे माणूस ठेवत नाहीत, पत्र्याचा कपटा ठेवतात, आणि तोही उरत नाही, हे मी रडत रडत सांगितलं. त्यांनी बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी मुंबईला नेलं. चार महिने आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. घरचे तिथेच काकांवर चिडले. कसला हा हट्ट, कुणाचं ऐकाल तर शपथ. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी माझा हात दाबला.

“फोनचं घरान कुणाला सांगू नको, बाय. तुला बोल लावतील.”

काका गेले त्या दिवशीही सगळे त्यांच्या हट्टालाच दोष देत होते. फोनचं मी सांगितलं नाही.