विहिरीच्या तळाशी दुसरं कोणीतरी

प्रार्थनेला बसायची मला हल्ली लाज वाटू लागली होती. शब्द सगळे पाठ झाले होते आणि ते म्हणताना मन चुलीवरच्या भाताकडे असायचं. रविवारी जीपने मोखाड्याला जाऊन आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत बसले की इतर बहिणी साक्ष द्यायच्या, प्रभू माझ्याशी बोलला म्हणून. मी मान डोलवायची. माझ्याशी तो कधी बोलला नव्हता. वसईकडे वीटभट्टीवर कामाला असताना मी विश्वासात आले, तेव्हा त्याचं नाव घेतलं तरी ऊर भरून यायचा. सूर्यमाळजवळच्या आमच्या पाड्यावर परत आल्यावर ते सगळं हळूहळू आटत गेलं. नवरा भिवंडीला कामावर. घरात मी आणि माझी मोठी जाऊ. तिला मी बाय म्हणते. ती गावदेवीला मानणारी, पण माझ्या प्रार्थनेला तिने कधी आडकाठी केली नाही. फक्त एकदा विचारलं, "तू एवढी बोलतेस त्याच्यासंगं, तो काय म्हणतो गं?" त्या दिवसापासून मी एकच मागणं धरलं. प्रभू, जवळ ये. दुसरं काही नको, जवळ ये.

उन्हाळा अर्ध्यावर आला तशी पाड्याची विहीर तळाला गेली. अशा वेळी एकीने खाली उतरायचं, झऱ्याचं पाणी वाटीने कळशीत भरायचं आणि दुसरीने वरून दोराने ओढून घ्यायचं. त्या दुपारी बायचे गुडघे दुखत होते म्हणून मी उतरले. जुन्या बांधकामाच्या दगडांत पाय रोवायला खोबणी आहेत, त्यांची मला सवय होती. खाली गारवा होता. विहिरीत साधं खाकरलं तरी आवाज घुमून परत येतो. मी वाटी बुडवत सवयीने पुटपुटले, "प्रभू, जवळ ये." आवाज परत आला नाही. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. तोंडातून निघालेला शब्द कोणीतरी ऐकून ठेवून घ्यावा, तसा तो गेला तो गेलाच. झऱ्याची टपटपही थांबली होती.

तेवढ्यात वरून बायची हाक आली, "अगं, तुझ्यासंगं कोण उतरलंय?"

"कोणी नाही, बाय."

"मग तुझ्या मागं वाकलंय ते कोण?"

मी मागे वळून पाहिलं नाही. माझ्या मानेला ऊब लागत होती, माणूस अगदी जवळ उभं राहिल्यावर लागते तशी. त्या तळात दोघींना उभं राहायला जागाच नाही, हे मला ठाऊक होतं. कळशी, वाटी तिथेच टाकून मी वर चढू लागले. पाय घसरत होते, नखं सोलून निघाली, तोंडातून प्रभूचं नावसुद्धा निघत नव्हतं. बायने दंडाला धरून मला काठावर ओढलं. आम्ही चार पावलं मागे झालो असू, तोच विहिरीच्या आत काहीतरी करकरलं आणि मी उतरले होते ती बाजू सबंध ढासळून खाली गेली. धूळ उठली. कळशीवर दगड आदळल्याचा आवाज आला आणि या वेळी तो घुमत घुमत वर आला.

पाड्यावरची माणसं धावत आली. कोणी म्हणालं, उन्हातली सावली असेल. बाय ठाम बोलली, "सावलीला हात नसतात. त्याचे हात हिच्या डोक्यावर होते." दुसऱ्या दिवशी तिने गावदेवीला नारळ फोडला. मला म्हणाली, "तुझा असंल नाहीतर आमचा असंल, माणूस वाचलं." मी वाद घातला नाही. तिने दिलेलं खोबरं हातात धरून मी तिच्या गळ्यात पडून रडले.

पुढे बरेच दिवस माझं मन एका गोष्टीपाशी अडून राहिलं. ज्याला मी रोज जवळ बोलावत होते तो जवळ आला, आणि मी जिवाच्या भीतीने पळाले. माझ्या मनात तो भिंतीवरच्या तसबिरीसारखा शांत, हसरा होता, मी बोलावीन तेवढाच जवळ येणारा. खरा तो तसा नव्हता. तरीही तो माझ्यावर रागावला नाही. मी पळाले, त्या पळण्यातूनच त्याने मला जिवंत ठेवलं. एवढ्या दयेला मी काय उत्तर देणार?

आता मी फार मागत नाही. दुपारी काम आवरलं की दार लोटून जमिनीवर बसते. शब्द थोडेच असतात. कधी कधी बाहेर कोंबड्यांची कलकल अचानक थांबते, घर गप्प होतं आणि माझ्या मानेला ती ऊब लागते. भीती वाटते, अजूनही तितकीच वाटते. पण मी उठत नाही. डोकं आणखी खाली वाकवते आणि बसून राहते.