सहाशे व्होल्टसाठी नागपूर

माझ्या घरी जुळवलेल्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि नागपूरच्या बापूरावांशी रोज सकाळी सातला चालणारी गप्पांची बैठक मोडली. सहा वर्षं आम्ही हौशी बिनतारी संचावर मोर्सच्या कट्टकडकट्टमध्ये बोलत होतो, भेट मात्र एकदाही नव्हती. ते निवृत्त तारबाबू. घरात ते आणि काकू, दोघंच. नवा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, असं मी पत्रानं कळवलं होतं; दोन महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं : 'नवा मिळण्याची आशा सोड. इकडे ये, जुन्यातून जमवू. सकाळ जाता जात नाही.' त्या शेवटच्या वाक्यानं मी साताऱ्याहून निघालो.

नागपूरच्या फलाटावर काळी टोपी घातलेले उंच गृहस्थ पुढे आले.

"आला गा?"

"आलो."

पुढे त्यांच्या नंदनवनातल्या घरापर्यंत रिक्षात दोघंही मुके. इतकी वर्षं ज्यांच्याशी तासन्‌तास बोललो, त्यांच्याशी तोंडानं काय बोलावं ते सुचेना. मला चक्क लाजल्यासारखं झालं.

जेवायला वडाभात आणि सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) होती. बापूरावांनी ताटाच्या काठावर बोटानं टकटक केली. मी मुकाट्यानं आणखी एक वडी घेतली.

"काहून ताट वाजवून राहिले?" काकूंनी विचारलं.

"त्याले घे म्हटलं वं."

काकूंनी कपाळाला हात लावला.

दुपारी भंगारबाजार पालथा घातला. शेवटच्या दुकानात जुन्या रेडिओंचे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर सापडले, तीनशे-तीनशे व्होल्टचे. दुकानदार ते तांब्यासाठी फोडायलाच बसला होता. दोन्ही एकापुढे एक जोडले की माझ्या ट्रान्समीटरला हवे असलेले सहाशे होणार होते.

घरी येऊन जोडले. मीटरचा काटा शून्यावरून हलेना. दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडू लागलो.

बापूराव हसले. त्यांनी प्लग काढला आणि एका ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल केली. "दोघं बी चांगले हायेत गा. उलटे जोडले तं एकमेकाले खाऊन राहिले."

या वेळी काटा थेट सहाशेवर गेला. इतका साधा घोटाळा माझ्याकडून व्हावा, याची शरम वाटली आणि आनंदही झाला.

स्टेशनवर निरोप घेतानाही आमचं 'बरंय' आणि 'बरंय' एवढंच झालं.

घरी पोचल्यावर दोन दिवसांत सगळं बसवलं आणि सकाळी सातला बापूरावांना हाक दिली. उत्तर लगेच आलं. आधी आवाज खणखणीत असल्याचं, मग हवामान. मग जरा थांबून त्यांनी सावकाश एकेक अक्षर पाठवलं : 'तू गेल्यावर तुझी काकू दोन रात्री जेवली नाही. मीही नाही. आणखी दोन दिवस राहा, असं स्टेशनवर सांगणार होतो. तोंडानं जमलं नाही.'

माझा हात मोर्सच्या कीवर होता. डोळे पुसून मी पाठवलं, 'मलाही नाही जमलं.'